दूरच्या वसाहतीचा दुसरा भाग

शेवटचं वाक्य संपलं. मी मनातल्या मनात दहा आकडे मोजले आणि मगच टेप थांबवली. नाटक संपल्यावर थोडी शांतता ठेवावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याला कुणीतरी हाताला धरून घराबाहेर काढल्यासारखं वाटतं. काचेपलीकडे दोघे नट कागद गोळा करून चहाला पळाले. चारुशीला मात्र माइकसमोर तशीच उभी होती.

"काका, कसं झालं?" लाल दिवा विझला होता, तरी ती कुजबुजत होती.

"झालं बाई एकदाचं."

"झालं ते मलाही दिसतंय. कसं झालं?"

"उद्या समिती ऐकेल. ती सांगेलच."

ती दार ढकलून माझ्या खोलीत आली. "समितीतल्या कुणी मूळचं ऐकलंय? बोधनकर साहेब गेल्या वर्षी नागपूरहून आले. उपासनी सरांचं सोडा, ते लिहिणारेच. उरलात तुम्ही. तुम्ही तर ते नुसतं ऐकलं नाही, स्वतःच्या हातांनी केलंय. माझं त्याच्या जवळपास तरी जातंय का?"

मी टेप उलटी गुंडाळायला लागलो. यंत्र फिरत असलं की माणसाला गप्प बसायला निमित्त मिळतं.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मी एका रेडिओ केंद्रावर तंत्रज्ञ होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण केंद्र अजून आहे आणि त्यातली काही माणसंही आहेत. आमच्या त्या केंद्रानं आयुष्यात एकच गोष्ट अशी केली की जिच्यामुळे गावाची मान ताठ झाली. ती म्हणजे 'दूरची वसाहत'. एकोणऐंशी साली, तेरा रविवार, सकाळी नऊ वाजता. शनीच्या एका उपग्रहावर माणसांची वसाहत आहे, तिथली हवा संपत चाललीय, कप्तान रुद्रसेन आहे, चार मुलं आहेत आणि टणटण नावाचा यंत्रमानव आहे. टणटणचा आवाज म्हणजे आमचाच एक निवेदक तांब्याच्या कळशीत तोंड घालून बोलायचा, आणि कळशी मी धरायचो. त्या वेळी गावातल्या न्हाव्यांचे वस्तरे गालावरच थांबायचे, असं लोक सांगतात. माझा विश्वास नाही, पण सांगणारे इतके भेटलेत की मी वाद घालणं सोडून दिलं.

आणि तो शेवट! यानात जागा फक्त चौघांची. कप्तान मुलांना आत बसवतो, बाहेरून दार लावतो आणि म्हणतो, "तुम्ही जा. मी आहे इथं." मग नुसता वारा. हे वाक्य आमच्या गावात कुणाला पाठ नाही? निरोपसमारंभात म्हणतात, एसटीत जागा सोडताना म्हणतात. एका डॉक्टरांनी म्हणे ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या बायकोला म्हटलं होतं. उपासनी सरांना गावानं जेवढ्या शाली घातल्या, त्यातल्या निम्म्या त्या एका वाक्यापोटी. त्यांनीच ती श्रुतिका लिहिली, बसवली आणि कप्तानही तेच झाले. चौऱ्याऐंशी साली ते निवृत्त झाले. बायको आधीच गेलेली, मुलगा परदेशात. पण चौकात उभे राहिले की अजून कुणीतरी येऊन पाया पडायचं.

ऐकायला मात्र आता काही नव्हतं. टेप बुरशीनं गेल्या, हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं.

चारुशीला वाघुळदे ही आमची हंगामी निवेदिका. सत्तावीस वर्षांची, आवाज स्वच्छ, स्वभाव हट्टी. दोन वर्षं ती एकटीच, कुणी सांगितलं नसताना, 'वसाहती'चा दुसरा भाग लिहीत होती. केंद्राला पंचवीस वर्षं होणार म्हणून केंद्रप्रमुख बोधनकर साहेबांना काहीतरी गाजणारं हवं होतं, तेव्हा तिनं वही पुढे केली. ठरलं असं, की पहिला भाग ध्वनिमुद्रित करायचा, श्रवण समितीनं ऐकायचा. पसंत पडला तर तेरा भाग होतील. नाही पडला तर चारुशीलानं पुन्हा भावगीतांच्या आधी वेळ सांगत बसायचं.

"मी आठ वर्षांची होते," ती माझ्या स्टुलावर बसत म्हणाली. "आमच्या गल्लीत रविवारी दुपारी आम्ही 'वसाहत' खेळायचो. मीच कप्तान. मुलगे भांडायचे, पण मी कुणाला होऊ द्यायचे नाही. पाण्याच्या टाकीवर चढून ओरडायचे, 'तुम्ही जा, मी आहे इथं!' आई खालून लाटणं दाखवायची. काका, मी जे काही लिहिते ते त्या टाकीवरून लिहिते. म्हणून विचारतेय. शोभतंय ना?"

"चांगलं झालंय," मी म्हणालो.

"मूळच्याइतकं?"

"ते रीळ दे बघू इकडे."

ती हसली आणि गेली. तिला वाटलं, म्हाताऱ्याची तऱ्हा. बेचाळीस वर्षांचा होतो मी, पण तंत्रज्ञ माणूस लवकर म्हातारा दिसतो.

तिनं काय लिहिलं होतं ते सांगायला हवं. वीस वर्षांनी त्या चार मुलांतली एक, आता मोठी झालेली, कप्तानला परत न्यायला वसाहतीवर येते. तिला वाटत असतं, तो दाराशी डोळे लावून बसला असेल. तो बसलेला नसतो. त्यानं कांदे लावलेले असतात. हवा त्यानं कशीबशी सांभाळलेली असते, टणटण गंजून गेलेला असतो आणि कप्तान त्याच्यावर बसून कांदे निवडत असतो. तो तिला ओळखत नाही. "कोण गं तू?" एवढंच विचारतो. पुढची वीस मिनिटं ती त्याला, आपण कोण, हे सांगत राहते आणि तो तिला, पाणी कुठून आणायचं, हे सांगत राहतो. स्फोट नाही, पाठलाग नाही. मी इतकी वर्षं काचेमागे बसून शेकडो नाटकं मुद्रित केली. ध्वनिमुद्रण चालू असताना काम विसरून नुसता ऐकत बसलो, असं दोनदा झालं. त्यातलं एक हे.

दुसऱ्या दिवशी अकराला समिती बसली. बोधनकर साहेब, कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या एक बाई आणि सन्माननीय म्हणून उपासनी सर. कप्तान त्यांचा, त्यामुळे त्यांच्या संमतीशिवाय पान हलणार नव्हतं. चारुशीला कोपऱ्यात भिंतीशी बसली होती, पदर बोटाला गुंडाळत. मी टेप लावली.

मी सरांचा चेहरा बघत होतो. सुरुवातीला ते मान डोलवत होते. कप्तानानं "कोण गं तू?" विचारलं तेव्हा त्यांची मान थांबली. बहात्तर वर्षांचा एकटा माणूस. त्या वर्षभरात ते स्वतःही दोनदा माझं नाव विसरले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं की त्यांना काय लागलं. कळलंही असेल.

टेप संपली. मी दहा आकडे मोजले.

"छान आहे," कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, "पण विज्ञानकथा म्हटल्यावर थोडा थरार हवा, नाही?"

बोधनकर साहेबांनी चष्मा पुसला. "मला आवडलं. पण मी बाहेरचा. लोक तुलना करणार, सर. तुम्ही सांगा."

उपासनी सरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग अगदी मायेनं म्हणाले, "बाळ, तुझा हात लिहिता आहे. पण माझा कप्तान असा विसरणारा नाही गं. त्यानं शेवटी सांगितलं होतं ना, मी आहे इथं. म्हणजे तो असणार. पहिल्या भागात एक उंची होती. हे म्हणजे… शेजारच्या आजोबांसारखं झालंय."

"सर, ती उंची मला माहीत आहे," चारुशीला म्हणाली. तिचा आवाज जरासा फाटला. "मी त्याच्यावरच वाढले. मला फक्त तो पुढे कसा जगला असेल ते लिहायचं होतं."

साहेबांची पंचाईत झाली. त्यांना हो म्हणायचं होतं हे दिसत होतं, पण सरांना डावलून नाही. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"पोतनीस, तुम्ही तेव्हा होतात. दोन्ही ऐकलेला, सरांखेरीज, ह्या इमारतीत दुसरा कुणी नाही. तुम्हाला काय वाटतं? हे त्याच्या तोडीचं आहे का? तुम्ही हो म्हणालात तर मी सरांचं मन वळवतो."

चारुशीलानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. आदल्या दिवशी मी चांगलं म्हणालो होतोच की. सरही माझ्याकडे बघत होते. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर काहीतरी चाचपत होता.

"नाही साहेब," मी म्हणालो. "त्याची सर नाही येणार."

मी हे इतक्या सहज बोललो की मलाच नवल वाटलं. साहेबांनी मान हलवली आणि कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. चारुशीला उठली, सगळ्यांना नमस्कार केला आणि बाहेर गेली. सरांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोतनीस, तू होतास म्हणून. त्या टेप शाबूत असत्या ना, तर आज पोरीला ऐकवल्या असत्या. तिचं तिलाच कळलं असतं."

मी हो म्हणालो.

दुपारी तीनच्या सुमारास मी टेपसंग्रहाच्या खोलीत होतो. नामंजूर झालेली टेप पुसून परत वापरायला द्यायची, असा नियम होता. तिचं रीळ माझ्यापुढे टेबलावर होतं. चारुशीला आली. डोळे धुऊन आली होती.

"काका, रागावले नाही मी. तुम्ही खरं बोललात. फक्त एक करा. मूळचं काहीतरी मला ऐकवा. एक भाग, अर्धा भाग, एक मिनिट. कुणाच्या घरी कॅसेट असेल, कुणी रेडिओसमोर ठेवून भरून घेतली असेल. माझं कुठं कमी पडलं ते मला कळायला हवं. नाहीतर मी पुढे लिहूच शकणार नाही."

मी पुन्हा टाळू शकलो असतो. बुरशी, पाऊस, ओल, सगळं तयार होतं. पण ती 'तुम्ही खरं बोललात' म्हणाली, आणि ते मला सोसवेना.

"बस," मी म्हणालो. "बुरशी लागली नव्हती. टेप मी पुसल्या."

ती बसली नाही.

शहाऐंशी साली आमच्याकडे टेपचा तुटवडा होता. वरून आदेश आला, पाच वर्षांपूर्वीचं जे असेल ते पुसा, फक्त ज्यावर 'जतन' अशी लाल चिठ्ठी असेल ते ठेवा. चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे. सर निवृत्त होताना मला सांगून गेले होते, "वसाहतीला चिठ्ठी लाव बरं." सांगायची गरज नव्हती. माझ्या तारुण्यातली ती सर्वांत चांगली गोष्ट होती. चिठ्ठ्या लावण्याआधी एकदा सगळं ऐकावं म्हणून मी डबा घेऊन ह्याच खोलीत तीन दुपारी बसलो. तेरा रिळं ऐकली.

"आणि?" चारुशीलानं विचारलं.

"वाईट होतं गं."

"काय?"

"वाईट होतं. पहिल्या भागात अकरा मिनिटं भाषण आहे, प्राणवायूवर. मुलं एका सुरात बोलतात, शाळेत कविता म्हणावी तशी. टणटण दोनदा आपलं वाक्य विसरतो आणि मी कळशीवर टिचकी मारून वेळ काढलीय. सर धापा टाकतात, मधूनच कागद उलटल्याचा आवाज येतो. यान दोन दिवसांत शनीवर पोचतं. आणि शेवट…"

"शेवटाचं काही बोलू नका."

"शेवटी कप्तान म्हणतो, 'बालमित्रांनो, यावरून आपण काय शिकलो?' आणि मग चार मुद्दे सांगतो. हवा स्वच्छ ठेवावी, झाडं लावावीत. मग निवेदन. संपलं."

ती चक्क हसली. "काका, तुम्ही माझी समजूत काढताय."

"नाही."

"मी ऐकलंय ते! 'तुम्ही जा, मी आहे इथं.' आणि नंतर वारा."

"वारा नव्हताच. वाऱ्यासाठी मी टेबलफॅनपुढे कागद धरायचो आणि शेवटच्या भागाच्या मुद्रणाला पंखा जळाला होता. सरांनी शिव्या घातल्या मला. तो दिवस मी कसा विसरेन?"

"मग ते वाक्य आलं कुठून? सगळ्या गावाला पाठ आहे ते."

"ते मला माहीत नाही. कुठल्यातरी गल्लीत, कुठल्यातरी पोरानं खेळताना म्हटलं असेल. तुमच्याच टाकीवरून आलं असेल, कुणी सांगावं?"

चारुशीला रॅकवरच्या रिळांच्या डब्यांकडे वळली. खोलीत जुन्या टेपचा आंबट वास असायचा, तो मला त्या दिवशी नको झाला होता. मग ती म्हणाली, "आणि म्हणून तुम्ही पुसलंत."

"मला रडू आलं होतं त्या दुपारी. मी म्हटलं, हे ठेवलं तर एक दिवस कुणीतरी लावणार. सत्काराला लावतील, सर पहिल्या रांगेत बसलेले असतील, आणि लोक ऐकतील. आधी हसतील, मग एकमेकांकडे बघतील. त्या माणसाकडे दुसरं होतं काय? मी घड्याळ काढून ठेवलं आणि तेरा रिळं पुसली. अर्धा तास लागला. सरांना सांगितलं, बुरशी. ते म्हणाले, 'कुणाला दोष देणार.' त्यानंतर वसाहत मोठीच होत गेली. दरवर्षी थोडी थोडी. आणि आज तू आलीस. तुझं तिच्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, चारू. तुलनाच नाही."

"मग सकाळी का नाही बोललात?"

"सर समोर बसले होते गं."

"मीही बसले होते."

मी टेबलावरचं तिचं रीळ उचललं आणि परत खाली ठेवलं.

"मी आत्ता साहेबांकडे जातो," मी उठलो. "सगळं सांगतो. पुसल्याचंही सांगतो. काय शिक्षा व्हायची ती होऊ दे."

"नको," ती पटकन म्हणाली. "सरांना काय सांगाल? की तुमच्या जन्माचं काम वाईट होतं म्हणून मी पुसलं? आज त्यांनी ती विसरणारी भूमिका ऐकली तेव्हा त्यांचा हात बघितलात? मी बघितला. मी कोपऱ्यातून तेच बघत होते. आणि कोण विश्वास ठेवणार तुमच्यावर? मीसुद्धा अजून धड ठेवत नाही. डोक्यात तो वारा वाहतोच आहे."

"मग निदान तुझी टेप तरी ठेवू." मी ड्रॉवरमधून लाल चिठ्ठी काढली. "माझ्या अखत्यारीत आहे. नामंजूर झाली म्हणून काय झालं? कधीतरी दुसरा साहेब येईल, ऐकेल."

तिनं चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, दुमडली आणि परत ड्रॉवरमध्ये टाकली. तिच्या चेहऱ्यावर असा कडवटपणा मी त्याआधी पाहिला नव्हता.

"पुसा, काका."

"वेडी आहेस का?"

"सरांना जी सोय करून दिलीत तीच मला द्या. पंधरा वर्षांनी कुणाला काय आठवायचं ते आठवू दे. म्हणतील, चारुशीलानं काय लिहिलं होतं! कांद्यांचा वास यायचा म्हणे रेडिओतून."

"तुझं तसं नाही. तुझं ऐकलंय कुणी? तिघांनी, आणि मी."

"पुसा म्हणते ना."

तिला थांबवण्याचे दहा मार्ग होते. मी म्हणू शकलो असतो, यंत्र बिघडलंय. तिला घरी पाठवून चिठ्ठी लावू शकलो असतो. रीळ पिशवीत घालून घरी नेऊ शकलो असतो. आता हे सगळं सुचतं. तेव्हा मला एवढंच वाटत होतं की ह्या पोरीनं माझ्याकडे असं बघणं बंद करावं, आणि ती सांगेल ते केलं तर ती बंद करेल. मी घड्याळ काढून खिडकीत ठेवलं. पुसायचं यंत्र म्हणजे चुंबकाचा एक जड ठोकळा. बटण दाबलं की घुं घुं करतो, मनगटावरचं घड्याळही बिघडवतो. त्यावर रीळ ठेवून सावकाश गोल फिरवायचं आणि तसंच फिरवत हळूहळू दूर न्यायचं. चाळीस सेकंद लागतात. ती शेजारी उभी राहून बघत होती.

"लावा," ती म्हणाली.

मी पुसलेलं रीळ वाजवायच्या यंत्रावर लावलं. नुसती खरखर आली. ती वाकून लक्षपूर्वक ऐकत होती, जणू त्यातून कुणीतरी 'कोण गं तू?' म्हणेल. मिनिटभरानं तिनं स्वतःच बटण बंद केलं आणि एकदम रडायला लागली. तोंडावर हात घट्ट धरून, आवाज होऊ न देता. रेडिओवाल्या सगळ्यांना तशी सवय असते. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

पाचची उद्घोषणा तिची होती. मी काचेमागून ऐकली. वेळ सांगताना आवाज अगदी स्वच्छ होता.

जूनमध्ये तिनं केंद्र सोडलं आणि दुसऱ्या जिल्ह्यात शाळेत शिकवायला गेली. पुढे तिनं काही लिहिलं असं कानावर आलं नाही. उपासनी सर सहा वर्षांनी गेले. वर्तमानपत्रात मथळा तोच, मी आहे इथं. मी खांदा दिला.

गेल्या महिन्यात सोनवणे नावाचे एक तरुण प्राध्यापक माझा पत्ता शोधत घरी आले. मराठी विज्ञान-श्रुतिकांवर प्रबंध लिहितायत. फार नेमका माणूस. वहीत प्रश्न आखून आणलेले. हिनं चहा दिला, आणि 'वसाहती'बद्दल त्यांना जे ऐकायचं होतं ते मी सगळं सांगितलं. कळशी, टेबलफॅन, न्हाव्याचे वस्तरे.

"आणि दुसरा भाग?" त्यांनी पान उलटलं. "अठ्ठ्याण्णवचा. केंद्रात समितीचं इतिवृत्त मिळालं मला. संहिता मिळाली नाही. मी वाघुळदे बाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, 'आठवत नाही.' इतिवृत्तात तुमचं मत नोंदलंय. 'मूळ श्रुतिकेचे तंत्रज्ञ श्री. पोतनीस यांच्या मते प्रस्तुत भागास मूळची सर नाही.' हे बरोबर ना?"

"मी खोटं बोललो होतो," मी म्हणालो.

त्यांनी लेखणी थांबवली. मी सगळं सांगितलं. पंखा जळाल्याचं, चार मुद्द्यांचं, लाल चिठ्ठीचं, कांदे निवडणाऱ्या कप्तानचं. माझा आवाज चढला, तेव्हा ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिलाही हे कधी सांगितलं नव्हतं. दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला होता, कितीतरी चांगला होता, असं मी तीन वेळा म्हणालो.

सोनवण्यांनी ऐकून घेतलं. मग अदबीनं म्हणाले, "सर, ह्याला काही आधार आहे? टेप, कॅसेट, संहितेचं एखादं पान?"

"नाही. टेप मीच पुसली."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग माझी अडचण आहे, सर. तुमच्या भावना मी समजू शकतो. वयानुसार आपल्याला हळहळ वाटते. पण प्रबंधात मला कागदावर आहे तेच घ्यावं लागेल."

त्यांनी इतिवृत्तातल्या त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली, उरलेला चहा संपवला आणि पुढच्या श्रुतिकेचं नाव विचारलं.